गेट नंबर तीन, जेवणाच्या चालीवर

केडगाव, ता. १४ जानेवारी २०२४

प्रिय सुदर्शन यास,
महेंद्रदादाचे अनेक मंगल आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. पण डॉक्टरांनी आवाजाची पेटी काढल्यापासून माझं बोलणं वहीतच चालतं, आणि मोबाईलवर बोट भलतंच अक्षर दाबतं.

तुझ्या राजश्रीवहिनीने तुझा व्हिडिओ दाखवला. कॉलेजात आपण घसा फोडून म्हणायचो ती इंग्रजी रॉक गाणी तू शिरूरच्या त्या हॉटेलात गळ्यात बो टाय लावून, डुलत, अंगाईसारखी म्हणतोस आणि पनीर खाणारे पोट धरून हसतात. मीही हसलो. माझ्या हसण्याला आवाज नाही, म्हणून राजश्री ठसका समजून पाणी घेऊन धावली.

एकच मागणं आहे. माझं 'गेट नंबर तीन' हे गाणं त्यात घेऊ नकोस. कंपनीने आम्हा साठ जणांना गेटवरूनच परत पाठवलं, त्या दिवशी लिहिलेलं ते. शेवटी मी ओरडायचो, ते कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. तुझ्या डोक्यात आहे तेवढंच. तिथे नीट राहू दे.

जेवण वेळेवर करत जा. माया आहेच, ती असू दे.
तुझा, दादा

शिरूर, ता. २८ जानेवारी २०२४

प्रिय दादास,
स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी ते गाणं शनिवारीच वाजवलं होतं.

मालक म्हणाले की इंग्रजी लई झालं, एखादं मराठी बी हळू करा की. मला दुसरं सुचलंच नाही. तू जिथे ओरडायचास, तिथे मी वेटरसारखा वाकून हळूच 'एक्सक्यूज मी' म्हणालो. लोक टेबलं बडवून हसले. दादा, मीही हसलो. आता त्याचीच फर्माईश होते.

तुझं पत्र वाचून लाज वाटली. दुपारी हॉल रिकामा असताना तीन दिवस ते खरं म्हणून पाहिलं. गिटारवर बोटं आपोआप हळू पडतात आणि शेवटाला तोंडातून 'एक्सक्यूज मी'च येतं. ते ओरडणं वर चढायचं की खाली उतरायचं? मला आठवत नाही. कसं होतं ते? लिहून कळव.

वहिनींना जयभीम. राग आला तरी लोभ तोडू नकोस.
तुझा, सुदर्शन

केडगाव, ता. ६ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुदर्शन यास,
अनेक मंगल आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन कालव्यावर गेलो. आजूबाजूला कोणी नाही बघून तोंड उघडलं. मानेच्या भोकातून नुसती हवा गेली. घरी येऊन वहीत 'आ' लिहिला, त्यापुढे लांबच लांब रेघ ओढली. राजश्रीने विचारलं की हे काय हाय, कुठं दुखतंय का. मी पान फाडलं.

तुझ्यावर राग नाही. राग धरायलाही ते गाणं कुठेतरी असायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीने आम्ही दोघं येतो. कोपऱ्यातलं टेबल ठेव. राजश्रीने ते गाणं कधी ऐकलेलं नाही, आमच्या लग्नाआधीचं ना ते. जसं वाजवतोस तसंच वाजव. ती हसली तर हसू दे. ते तसंच होतं, असं मी तिला लिहून देईन.

आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझा, दादा