नासेरच्या वजनाचं पोतं

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, शके १८५८, डिसेंबर १९३६

पोचलो एकदाचा! हिंगोलीला रेल्वेतून उतरलो, तिथून कळमनुरीच्या माळापर्यंत बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण मन पोरासारखं टुणटुणीत. जन्मभर शाळेत पाखरांच्या कविता शिकवल्या. पोरं डोलत डोलत म्हणायची, अन् मी खिडकीबाहेर बघत राहायचो. आता पेन्शनीत खरंखुरं पाखरू बघायला मिळणार.

हिरासिंग इंजिनेर मूळचे नांदेडचे, विलायतेत शिकून आलेले. बिनइंजिनाचं विमान बांधतायत. वेळूची हाडं, मांजरपाटाचे पंख, त्यांवर पेजेची खळ. पंख शिवतात रहिमाबी. उडणार त्यांचा एकुलता मुलगा नासेर, विशीतला, सदा हसरा. मी हवेच्या आणि उड्डाणाच्या नोंदी लिहायच्या. रहिमाबींनी भाकरी अन् ठेचा पुढं केला. म्हणाल्या, मास्तरसाब, तिखट लागलं तर सांगू नका, तुमीच सवय करून घ्या!

चतुर्थी

इथली रीत कळली. माणसाच्या आधी त्याच्या वजनाचं पोतं उडतं. जवळा बाजारच्या खाजा मियांकडून कापूस तोलायचा तराजू आणून लिंबाला टांगलाय. एका पारड्यात नासेर बसला, दुसऱ्यात कयाधूची वाळू भरलेलं पोतं. काटा मध्यावर येईपर्यंत त्याची सारखी बडबड, अम्मी, माझ्यापेक्षा ते शांत हाय बघ.

गोल पोतं विमानाच्या बैठकीत लोळतं, म्हणून रहिमाबींनी त्याला हातपाय शिवले, नासेरचा जुना कुर्ता घातला. तोंड मात्र काढू दिलं नाही. म्हणाल्या, तोंड न्हाई अन् नावबी न्हाई द्यायचं.

मला मास्तरकीची खोड. मी गमतीनं हजेरी घेतली. पोत्याकडं बोट करून ‘नासेर!’ म्हणालो अन् त्याच्या वतीनं बारीक आवाजात ‘हजर’. नासेर हसून लोळला. रहिमाबी उठून आत निघून गेल्या.

षष्ठी

उडालं! बैलांनी दोर ओढला, पंख फडफडले, अन् ते पांढरं धूड माळावरून असं तरंगलं की माझे डोळे भरून आले. उतरताना पोत्याची मांडी बाभळीच्या काट्याला लागून फाटली, ओंजळभर वाळू सांडली. बाकी सगळं झकास. जेवताना नासेर म्हणाला, अंग हलकं हलकं वाटून राहिलं. भाकरी अर्धीच खाल्ली.

सप्तमी

पोतं शिवायच्या आधी पुन्हा नासेरशी तोललं. वाळू सांडली होती, तेव्हा पोत्याचं पारडं वर जायला हवं. गेलं नाही. दोन्ही बराबर.

हिरासिंग म्हणाले, तराजूला दोष असेल. मी लोखंडी वजनं घालून पाहिलं. तराजू ठीक. पोतं वजनात उतरलंय. अन् तेवढाच नासेरही उतरलाय.

नवमी

आज हिरासिंगांनी स्वतःच्या हातानं पोत्यातून डबाभर वाळू काढली. मग नासेरला पारड्यात बसवलं. काटा मध्यावर.

आणखी एक डबा. काटा मध्यावर.

मला वाटलं, घाबरतील. पण त्यांचा चेहरा उजळला, अवघड गणित सुटलेल्या पोरासारखा. म्हणाले, मास्तरजी, सगळी दुनिया इंजिनाच्या मागं लागली, अन् इथं माणसाचं ओझंच मिटलं! नासेरलाही तसंच वाटतं. म्हणतो, आनखी काढा साब, मी उडतो. रहिमाबींनी पदर पसरला. म्हणाल्या, माझं लेकरू हाय ते, बाजारातली ज्वारी न्हाई. हिरासिंग म्हणाले, रहिमाबी, तुमच्या मुलाचं नाव होईल.

एकादशी

नासेर धुळीतून चालला, माग उमटला नाही. कुर्त्याच्या खिशात दगड घालून फिरतो. वारा आला की लिंबाला धरतो, अन् हसतो. ते हसणं बघवत नाही.

रहिमाबी अन् मी दुपारी पोत्यात नदीची वाळू पुन्हा भरली, गच्च. नासेरला पारड्यात बसवलं. वरच राहिला. काढलेलं परत जात नाही.

मग मीच विचारलं, मी ते नाव घेतलं म्हणून का हो? त्या म्हणाल्या, आता इचारून काय करता मास्तरसाब.

त्रयोदशी

पौर्णिमेला हैदराबादहून उड्डाण बघायला पाहुणे येणार. त्याआधी निम्मं पोतं रिकामं करायचं, असा हिरासिंगांचा हुकूम. तसं झालं तर नासेरचं —

नाही लिहवत.

पोतं आम्ही पळवलं. रहिमाबींनी डोक्यावर घेतलं, मी मागून हात दिला. कडब्याच्या गंजीत खोल दडवलंय. हिरासिंग सगळा माळ धुंडाळतायत. माझ्यापाशी आले, गोड बोलले, मग ओरडले. मी नोंदी लिहीत राहिलो.

चतुर्दशी

नासेरला बाजेवर दोरानं बांधलंय. त्यानं आपणच बांधून घेतलं. सकाळपेक्षा आता दोर जास्त ताणलेला दिसतो. दोर तोच — पोत्याला तर कुणी हातही लावला नाही. मग का —

पौर्णिमा, भर दुपार

गंजीखालून वाळूची धार लागलीय. उंदीर. कडब्यात उंदीर असतात, हे शेंबड्या पोरालाही — आम्ही दोघं म्हातारी माणसं, आम्हाला कसं —

रहिमाबी गंजीत शिरून दोन्ही हातांनी भोकं दाबतायत. एक दाबलं की दुसरं. ओरडतात, मास्तर, त्याला सोडू नका.

दोरातून निसटलाय. मनगट धरलंय, डाव्या हातानं. उजव्यानं हे लिहितोय, कुणाला तरी कळावं म्हणून. पाय जमिनीवर नाहीत त्याचे. पाहुणे अजून यायचेत, पण हिरासिंग हातात घड्याळ घेऊन उभे. म्हणतात, सोडा मास्तरजी, बघू तर किती वर —

नासेर आता हसत नाही. अम्मीला हाक मारतो. म्हणतो, मास्तर, मला खाली घ्या, मला न्हाई उडायचं —

माझ्या टाचा उचलल्या. एका हाताचं काम नाही. लेखणी टाकतो. दोन्ही हातांनी —