पानदानाचा पुरावा

सोम. ६ जानेवारी २०२५
नव्या वर्षाचा संकल्प सहा दिवस उशिरा, पण पक्का: श्रीकृष्णरावांचं तोंड बंद करायचं. वीस वर्षं मी इथल्या मराठी मंडळात सांगतोय की आमचं चांदीचं पानदान पणजोबांना, बळवंतराव दप्तरदारांना, दरबारातून मिळालं. वीस वर्षं हा माणूस एकच विचारतो, चिंतामणराव, पुरावा?

१८ तारखेला मुंबईचे अँटिक एक्सपर्ट इंदूरला येताहेत. हॉटेलात कॅम्प. जुन्या वस्तू तपासणार, निवडक वस्तू प्रदर्शनात मांडणार, घराण्याच्या नावाची पाटी लावून. नाव नोंदवलं. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. श्रीकृष्णरावांनी नुसता अंगठा पाठवला. अंगठ्यातसुद्धा खवचटपणा.

बुध. ८ जाने.
सहाला उठून घराण्याचा इतिहास लिहिणार होतो. साडेआठला उठलो. थंडी.
सुहासिनीने पोहे देता देता विचारलं, पानदान दरबारातलं आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी? म्हटलं, वडिलांनी. त्यांना? आजोबांनी. आणि त्यांना? तीस वर्षं संसार केला, पण हिला इतिहासाची शिस्त लागली नाही.

शनि. ११ जाने.
पुरावा नाही यात पानदानाचा काय दोष? त्या काळी लोक लिहून ठेवत नसत, इतकंच. मग आपण लिहावं. खरं ते लिहिण्यात खोटं काय?

बर्तन बाजारात गेलो. तिथे लक्ष्मण भांड्यांवर नावं घालतो. मजकूर दिला. म्हणाला, भिया, 'सप्रेम भेट' तो डालना पड़ेगा, सब डलवाते हैं. पटलं. पणजोबांचं नाव नुसतं कसं घालायचं, म्हणून आदराने पुढे 'कै.' घातलं. मग तो म्हणाला, तळ जरा खडबडीत है, पहले बफ मार के घिस दूँ, चिकना हो जाएगा? म्हटलं, मार. वीस मिनिटांत काम फत्ते:

'कै. बळवंतराव दप्तरदार यांस दरबारातून सप्रेम भेट. सन १८९१.'

सन अंदाजे. पण अंदाज घरचाच आहे.

मंगळ. १४ जाने., संक्रांत
सुहासिनीला हळदीकुंकवाला पानदान हवं होतं. म्हणाली, सासूबाई याच्यातूनच विडे द्यायच्या, त्यांच्या सासूबाईही. साफ नाही म्हटलं. म्युझियम पीस आहे, त्यात कात-चुना कालवायचा नसतो. तिने स्टीलच्या डब्यातून विडे दिले. मला तिळगूळ दिला, गोड बोलणं तेवढं राहिलं.

शुक्र. १७ जाने.
उद्या! मंडळातल्या अकरा जणांना या म्हणून सांगितलं. श्रीकृष्णरावांना दोनदा. सत्काराला उत्तराचं भाषण तयार (चार मिनिटं, नम्र). बंदगळ्याच्या कोटाचं वरचं बटण लागत नाही. ड्रायक्लीनरने आटवला असणार.

शनि. १८ जाने., दु. ४
लिहावं की नाही?

लिहितो. एक्सपर्ट म्हणजे स्मिता नावाच्या बाई. हातमोजे, भिंग, टॉर्च. आधी डबा पाहिला, मग झाकण. म्हणाल्या, चांदी अस्सल, सव्वाशे वर्षांपलीकडची, घडण फार सुंदर. मी वळून श्रीकृष्णरावांकडे पाहिलं. तेवढ्यात बाईंनी पानदान उलटं केलं.

तळावरचा मजकूर भिंगातून वाचला. मग अदबीने विचारलं, बळवंतराव कधी वारले? अभिमानाने सांगितलं, १९२६. मग दरबाराला ते १८९१ मध्येच कसं कळलं? मागे कुणीतरी हसलं. कोण, ते लिहायला नको. म्हटलं, ते आदराने आहे. आणि 'सप्रेम भेट'? म्हटलं, दरबाराचं प्रेमच तसं होतं.

मग त्यांनी तळाच्या कडेला टॉर्च धरला. तिथे दहा-बारा बारीक ठिपके शिल्लक होते, ते दाखवले. म्हणाल्या, इथे हाताने ठोकलेलं जुनं नाव होतं, आठवड्याभरात कुणीतरी घासून काढलंय. त्या काळी मुलीला लग्नात असं पानदान द्यायचे, त्यावर तिचं माहेरचं नाव घालायचे. शेवटचं 'बाई' तेवढं लागतंय. नाव असतं तर ही वस्तू आम्ही सगळ्यांत आधी उचलली असती. आता नाही.

म्हणजे दरबार नाही. पणजीचं माहेर.

भाषण केलं नाही. श्रीकृष्णराव जवळ आले. मला वाटलं आता बोलतील. पण ते म्हणाले, चला, चहा घेऊ. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

रवि. १९ जाने.
सकाळीच लक्ष्मणकडे. तो म्हणाला, हाँ भिया, किसी बाई का नाम था, पूरा साफ पढ़ने में आ रहा था. काय होतं? अब रोज का पचास भांडा आता है, याद थोड़ी रहता है.

सुहासिनीला सगळं सांगितलं. वाटलं होतं सुनावेल. तिने एवढंच विचारलं, काय नाव होतं हो त्यांचं?

माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं, स्वतःच्याच वहीत खोटं कशाला लिहू? देवासच्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, सगळे 'मोठ्या बाई' म्हणायचे.

मग कपाटातून वंशावळ काढली. मीच केलेली, सात पिढ्यांची, लॅमिनेट केलेली. बळवंतराव सापडले. शेजारी कुणी नाही. खाली तीन मुलगे आहेत.