पार्किंगच्या गच्चीवरची जपानी गाणी

३ मार्च

ती. आजोबांस,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर काही सांगावं तर तुम्ही भलत्यालाच हो म्हणता. मागच्या वेळी मी सर्दी झाली म्हणाले आणि तुम्ही माझं अभिनंदन केलंत. हॉटेलच्या बँडमध्ये उमेदीची सगळी वर्षं ड्रमच्या शेजारी उभं राहून काढलीत, मग कान जाणार नाही तर काय! तेव्हा आपलं पत्रच बरं.

सोबत एक पेनड्राइव्ह आहे. त्यात जपानी गाणी आहेत. दचकू नका. विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर माझ्या शेजारी एक जपानी बाई बसतात. पाळीभर लोकांच्या शिव्या खाऊन झाल्या की आम्ही दोघी निघतो. मी त्यांना वाटेत सोडते आणि गाडीत त्यांची गाणी लागतात. त्यांच्या तरुणपणची, शहरात रात्री गाडी चालवताना ऐकायची म्हणूनच केल्यासारखी. बोगद्यातले पिवळे दिवे एकेक करून काचेवरून सरकतात, पुलाच्या चढावर पितळी वाद्यं उसळतात आणि रिकामं शहर आपल्या मालकीचं वाटायला लागतं. गाणारी बाई कुणाला तरी सोडून निघाली आहे हे भाषा न येताही कळतं, पण पाय मात्र ठेका धरतात. रडू आणि नाच हातात हात घालून आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

तुम्ही मात्र बाईकडे लक्ष देऊ नका. खालून जी बेस गिटार चालते तिच्याकडे द्या. तुम्ही जेवताना टेबलावर बोटांनी वाजवता तशीच वाटली मला.

ही गाणी घरात ऐकायची नाहीत हं. खाली जाऊन आईच्या गाडीत बसून ऐका. आशीर्वाद मोठ्याने द्या, गाण्यांबद्दल आईपाशी मात्र चकार शब्द नको.

तुमची
ठकी


११ मार्च

चि. ठकीस,
आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पोरी, काय पाठवलंस हे! गाडी जागची हलली नाही, पण मी कुठच्या कुठे जाऊन आलो. तो बेस वाजवणारा जपानी कोण असेल तो असो, माझा सख्खा भाऊ आहे. चार स्वर वाजवता येतील तिथे दोनच वाजवतो आणि उरलेल्या जागेत गाण्याला श्वास घेऊ देतो. आम्हीही असंच वाजवायचो. फरक एवढाच, की आमच्या समोर लोक जेवत असत, आणि काट्याचमच्यांना बेस ऐकू येत नाही.

कपाटावरची गिटार खाली काढली. तारा गंजल्या होत्या, नव्या घातल्या. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले आहेत. तुझ्या आईला सुरी लागली म्हणून सांगितलं. चार बोटांना एकाच वेळी सुरी कशी लागली हे तिने अजून विचारलेलं नाही, पण विचारील.

जुन्या मंडळींना गोळा केलं आहे. ड्रमवाला आमचा धडाम गुडघ्यांनी हैराण आहे, हात मात्र अजून तसेच. ट्रम्पेटवाला, ज्याला आम्ही तुतारी म्हणतो, त्याचे पुढचे दात गेल्यामुळे वाद्यातून नुसती वाफ येते. पण पियानोवाला डॉक्टर दातांचाच डॉक्टर आहे, तो त्याला कवळी बसवून देतो आहे. दात आणि सूर एकाच माणसाने लावून द्यावेत, असं भाग्य कुणाला लाभतं!

तालमीची जागाही ठरली. धडामचा जावई बाजारातल्या त्या उंच पार्किंगचा व्यवस्थापक आहे. दुकानं बंद झाली की वरची गच्ची रिकामी असते. अडचण एकच. रात्री गाडी चालवायला तुझ्या आईने मला बंदी केली आहे, तीही स्वतःच्या चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर डोळे तपासून, म्हणजे अपील करायलाही जागा नाही. डॉक्टर नेतो म्हणाला, पण त्याची नजर माझ्याहून अधू. तो दातसुद्धा चाचपून ओळखतो.

गाण्यांचे शब्द आपल्या अक्षरांत लिहून पाठव. आम्हाला वाचता आले म्हणजे झालं, समजले नाहीत तरी चालेल. माया आहेच, ती अशीच वाजती ठेव.

तुझा
आजोबा


२० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

रागावून लिहिते आहे, म्हणून अक्षर बरं आलं आहे.

परवा सकाळी गाडी सुरूच होईना. मेकॅनिकने सांगितलं, बॅटरी पार उतरली आहे. रखवालदाराकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की तुझे आजोबा आठवडाभर रोज रात्री तळघरात जाऊन माझ्या गाडीत बसतात, दिवे लावतात, वायपर चालू करतात आणि स्टिअरिंगवर हात ठेवून डोलतात. मी जाब विचारला तर म्हणाले, की वायपर गाण्याच्या बरोबर लयीत चालत होते, बंद करवेना. आणि ही गाणी कुणी पाठवली, हे विचारल्यावर एवढा मोठा माणूस छताकडे बघायला लागला. मग फोडांचंही बाहेर आलं.

तुला यात गंमत वाटत असेल. मला वाटत नाही, आणि का ते तुला कधी सांगितलेलं नाही. मी लहान असताना आमचं घर दिवसा चवड्यांवर चालायचं. मी शाळेतून यायचे तेव्हा वडील झोपलेले, आणि मी झोपायला जायचे तेव्हा ते काळा कोट चढवून निघालेले. आई ओठांवर बोट ठेवूनच दार उघडायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी गायले, तेव्हा समोरच्या खुर्चीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी होती आणि खुर्ची रिकामी होती. लहान मुलांना हॉटेलात मज्जाव, त्यामुळे ते तिथे काय करतात हेही मी कधी पाहिलं नाही. बाकीच्या मुली वडिलांचं काम सांगायच्या. मी फक्त त्यांची झोप पाहिली होती.

आणि आता पुन्हा रात्र, पुन्हा तो बँड! नाही म्हणावं तर टॅक्सी करून जातील आणि कुठल्या तरी जिन्यावरून पडतील. म्हणून नेणं-आणणं मीच करणार आहे. तुझ्या बाबांना सोबत चल म्हटलं, तर ते त्या वेळी घोरत असतात. मी गाडीतच बसेन, काचा वर करून. दुकानाची कामं पडली आहेतच.

प्रकृतीला जप. राग ओसरला की प्रेम पाठवीन, तोवर हेच गोड मानून घे.

तुझी
आई


४ एप्रिल

ती. सौ. आईस,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

बॅटरीचे पैसे मी देते, वायपरचा नाद मात्र आजोबांचा, तो माझ्या माथी मारू नकोस.

खुर्चीचं वाचलं आणि रात्री गाडी चालवताना तेच डोक्यात होतं. तू सांगितलं नाहीस म्हणून मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं, तुला गाणंच आवडत नाही. आता मी आजोबांची बाजू घेणार नाही. तुझा राग तुझा आहे, तो हवा तितके दिवस ठेव. फक्त एक विनंती आहे. गाडीची काच दोन बोटं खाली घे. दोनच. चष्म्याच्या दुकानातली माणसं हवेशिवाय राहतात असं मी ऐकलेलं नाही.

आजोबांसाठी शब्दांचे कागद सोबत पाठवते आहे. जपानी बाईंनी एकेक शब्द म्हणून दाखवला आणि मी आपल्या अक्षरांत उतरवला. वर अर्थही लिहिले आहेत. त्यांच्या हाती देण्याआधी तू वाचलेस तरी चालेल.

बाबांना नमस्कार, आणि त्यांच्या घोरण्यालाही.

तुझी
ठकी


९ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

कागद पोचले आणि आमच्या बँडची शाळा झाली. जपानीत सावलीला कागे म्हणतात, असं तू लिहिलंस. धडाम ते ‘का गे?’ असं म्हणतो, जणू सावलीला दटावून विचारतो आहे. लाटेला नामी म्हणतात यावर मात्र सर्वांचं एकमत झालं. लाटेला दुसरं काय म्हणणार!

वाद्यं जमली. तुतारीची कवळी दुसऱ्या खेपेला नीट बसली, आणि पहिला सणसणीत सूर निघाला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या तीन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागले. आता रात्रपाळीचे टॅक्सीवाले चहाचे पेले घेऊन वर येतात आणि बॉनेटला टेकून ऐकतात. एक तर म्हणाला, की आयुष्यभर रात्रीची गाडी चालवली, पण रात्र अशी दिसते हे आज कळलं. त्यांच्या संघटनेचा मेळावा जूनमध्ये त्याच गच्चीवर आहे. तिथे वाजवा म्हणून आमंत्रण आलं आहे.

पण गाणार कोण? आम्हा चौघांचे आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. आम्ही बसवतो आहोत ते गाणं बाईचं आहे. तुला बोलवावं, तर तुला रजा नाही, हे कळलं.

आता खरी बातमी. तुझी आई पहिले काही दिवस काचा वर करून, माझ्याकडे पाठ करून बसायची. मग एके दिवशी काच थोडी खाली आली. मग आणखी. गेल्या गुरुवारी पेनड्राइव्हवरचं तेच ते गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवताना आम्ही तिसऱ्यांदा चुकलो, तेव्हा गाडीचं दार उघडलं, तुझी आई तरातरा चालत आली आणि डॉक्टरला म्हणाली, की तुम्ही प्रत्येक वेळी बाईच्या आधी घुसता, तिला तिचं वाक्य संपवू द्या. एवढं बोलून ते वाक्य कुठे संपतं हे तिने म्हणून दाखवलं. जपानीत. कागदाशिवाय.

मी मान वर करायलाही धजलो नाही, पाखरू उडून जाईल अशी भीती. ती परत जाऊन गाडीत बसली. घरी येताना मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पण काल तिच्या दुकानातली मदतनीस मला म्हणाली, की बाई हल्ली गिऱ्हाइकांची हनुवटी मशीनवर टेकवून गुणगुणत असतात, आणि गिऱ्हाइकं शेवटची ओळ वाचायची विसरतात.

तू तिला काही लिहू नकोस. मीही काही म्हणणार नाही. मला मागता येत नाही, ठकी. तिने दिलं तर घेईन. तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे, सुरात.

तुझा
आजोबा


१५ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

जागरणामुळे अक्षर वाकडं आलं आहे, सांभाळून घे.

तुझे आजोबा काय काय लिहीत असतील याची मला कल्पना आहे, तेव्हा खरं काय ते मीच सांगते. मला कुणी गायला सांगितलं नाही. मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुकान बंद करताना मीच ठरवलं. त्यांना जाऊन म्हणाले, की उद्या मी गाणार आहे, पण माझी पट्टी जरा खालची आहे. ते म्हणाले, की पट्टी त्यांनी महिन्यापूर्वीच खाली घेऊन ठेवली आहे. मग मात्र मला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडावा लागला.

गच्ची टॅक्सींनी भरली होती. गोल करून लावलेल्या, सगळ्यांचे दिवे आमच्याकडे. तुझे बाबासुद्धा आले होते, घड्याळाचा गजर लावून उठले म्हणे. खाली सगळं शहर लुकलुकत होतं. धडाम यांनी काठ्या टकटकवल्या आणि मग ती बेस सुरू झाली. ठकी, ती कानाने ऐकायची वस्तू नाहीच. पायाखालच्या सिमेंटमधून वर येते आणि आपल्याला धरून ठेवते. मी शेजारी बघितलं. तुझे आजोबा डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून उभे होते. इतकं जागं माणूस मी पाहिलेलं नाही. काळा कोट घालून रोज रात्री हे कुठे जायचे, ते मला तेव्हा कळलं.

मग मी गायले. दोन शब्द चुकले असतील, तिथे कुणाला कळणार! दुसऱ्या कडव्यात टॅक्सीवाल्यांनी दिव्यांची उघडझाप सुरू केली, आणि तुतारी यांनी असा काही सूर लावला की डॉक्टर पियानो सोडून कवळीकडे अभिमानाने बघायला लागले. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणत लोकांनी ते तीनदा गायला लावलं. तुझे बाबा शिट्टी वाजवतात हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं.

तुझे बाबा डॉक्टरांसोबत परतले, कारण डॉक्टरांना कुणीतरी डोळस माणूस हवाच होता. मी आणि आजोबा आमच्या गाडीत. तुझी गाणी लावली. रस्ता मोकळा, काचा पूर्ण खाली. घरचा फाटा आला तेव्हा मी वळले नाही. आजोबांनी हळूच लक्षात आणून दिलं, की फाटा मागे गेला. मी म्हटलं, की मला दिसला, आधी तुमचं हॉटेल दाखवा. ते डावीकडे, उजवीकडे सांगायला लागले.

तिथे आता कसली तरी कचेरी आहे. आम्ही फूटपाथवर उभे राहिलो. त्यांनी पहिल्या मजल्यावरची एक खिडकी दाखवली. त्या खिडकीपाशी ते उभे असायचे, उजव्या हाताला पियानो, समोर नाचायची जागा. आणि खिडकीतून रस्ता दिसायचा म्हणे, रात्रीच्या गाड्यांचा. त्या कुणाच्या तरी घरी चालल्या आहेत असं मनाशी म्हणत ते वाजवायचे. मी त्यांचा हात धरला. फोड जाऊन बोटांना चांगले घट्टे पडले आहेत.

नंतर आम्ही उगाच फिरत राहिलो. पूल झाले, बोगदा झाला, नदीकाठ झाला. ते टेबलाऐवजी डॅशबोर्डवर वाजवत होते आणि मी गात होते. उजाडायला लागलं तेव्हा तुझ्या बाबांचा फोन आला, आम्ही आहोत कुठे म्हणून. मला सांगता येईना. मी इकडेतिकडे बघितलं, आजोबांनी इकडेतिकडे बघितलं, आणि आम्हा दोघांनाही हसू आवरेना.

या वेळी राग नाही, तेव्हा प्रेम मागच्या पत्राचं आणि या पत्राचं असं दुप्पट घे. आणखी गाणी पाठव.

तुझी
आई