तुझा वरवंटा पाहायला तिकीट लागतं

प्रिय आई,

'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार' असं लिहायला घेतलं होतं. पण जिवंतपणी तुझ्याशी कधी इतक्या अदबीने बोलले नाही, आता कशाला सोंग? तेव्हा राहू दे. लिहायचं कारण एवढंच की उद्या माझ्या मंजूच्या मुलीचं बारसं आहे, आणि त्यापायी या आठवड्यात मला दोनदा तिकीट काढून तुझा वरवंटा पाहायला जावं लागलं.

दचकू नकोस, पाटा-वरवंटा सुखरूप आहे. तू गेलीस, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर दादा-वहिनी सावेडीला फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि वहिनीकडे मिक्सर. मग दादाने तुझा पाटा, वरवंटा आणि तांब्याचा बंब कापडबाजारामागच्या त्या दुमजली घराला देऊन टाकला. ते घर तुला आठवेल. भाजी घेऊन येताना त्याच्या ओट्यावर तू पिशवी टेकवून दम घ्यायचीस. आता ते जपून ठेवलंय. जुन्या काळी शहरातली माणसं कशी राहत, हे तिथे दाखवतात. जुना काळ म्हणजे आपणच, हे आत गेल्यावर कळतं.

दिवाणखान्यात लोड-तक्के आहेत, पानाचा डबा आहे. माजघरात पाळणा आहे आणि त्यात प्लास्टिकची बाहुली. स्वयंपाकघर तर इतकं स्वच्छ की तिथे कुणी कधी जेवलं असेल असं वाटत नाही. चुलीत राख नाही, भिंतीला धूर नाही. तुझ्या पाट्याशेजारी नऊवारी नेसवलेली एक बाई आहे. ती साडीच्या दुकानातली असावी, कारण तिला गुडघेच वाकवता येत नाहीत. म्हणून ती पाट्याशेजारी ताठ उभी आहे, वाटण आपोआप होण्याची वाट पाहत. तू असतीस तर तिला आधी बाजूला केलं असतंस.

वरवंटा तुझाच. दादाने अक्रोड फोडताना उडवलेला टवका अजून तसाच आहे. खाली पाटी लावलीय, त्यावर देणगीदार म्हणून दादाचं नाव. तुझं नाव कुठेच नाही. जन्मभर वाटण तू वाटलंस आणि पाटीवर अक्रोड फोडणारा! मला राग आला, पण कुणावर काढायचा? दादा म्हणेल, 'भंगारात तर नाही ना घातला?' तेही खरंच.

आता तिथे का गेले, ते सांगते. मंजूने हट्ट धरला की बारशाला आजीचाच वरवंटा हवा. ही कॉम्प्युटर शिकलेली मुलगी, नवरा सुप्याच्या कंपनीत. मी म्हटलं, 'अगं, बाळाआधी पाळण्यात कुंची घातलेला वरवंटा गोप्या म्हणून घालायचा, दगड तो दगड. शेजारच्या मालूताईंचा आणू.' पण तिने हट्ट सोडला नाही.

म्हणून मी सोमवारी गेले. तिथे देखरेखीला रशीदभाई असतात. पन्नाशीचे, पांढरी दाढी, बोलायला मोकळे. मी म्हटलं, एका दिवसापुरता वरवंटा द्या, बारसं झालं की घासूनपुसून परत आणते.

"बाई, तेला नंबर पडलाय," ते म्हणाले. "आता तो दगड न्हाई ऱ्हायला, वस्तू झालाय. मंडळाची मीटिंग झाल्याबिगर भायेर न्हाई जायचा. आन् मीटिंग पुढच्या म्हयन्यात."

"पुढच्या महिन्यात बाळ पालथं पडेल," मी म्हटलं.

ते हसले. "दगड भायेर जाईना, पन कुंची आत यायला कोन अडवतंय? घेऊन या, घाला तेला, घेऊन जा."

मला ती थट्टाच वाटली. दगडाला कुंची घालायला कोण तिकीट काढून जाईल? घरी येऊन मंजूला सांगितलं की झालं, आता मालूताईंचाच वरवंटा. तर ती रडायला लागली. आणि मग तिने मला ते सांगितलं, जे तू तिला सांगितलंस आणि मला कधीच नाही.

आई, दादाच्या आधी एक मुलगा होता?

नाना राजूरच्या शाळेत मास्तर होते तेव्हाचा. बारशाला शेजारणीचा वरवंटा नको, आपला हवा, म्हणून तू राजूरच्या बाजारातून हा पाटा-वरवंटा घेतलास. आणि बारशाआधीच तो मुलगा गेला. रिकामा पाळणा घरात नको, काढून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. तू काढला नाहीस. वरवंटा त्याच्या कुंचीत गुंडाळून पाळण्यात ठेवलास, आणि दादा होईपर्यंत तो तिथेच होता. नानांनीही तो तसाच राहू दिला, म्हणे. पुढे बदली झाली तेव्हा पाटा एसटीच्या टपावर टाकलात आणि वरवंटा तू मांडीवर घेऊन आलीस.

मला वाईट कशाचं वाटलं, सांगू? त्या मुलाचं वाटलंच. पण आधी वाटलं ते हे की तू नातीला सांगितलंस, लेकीला नाही. पन्नाशी उलटल्यावर मला माझ्याच मुलीकडून कळावं की मला आणखी एक भाऊ होता? मी काय तुझी सावत्र होते? मंजू म्हणाली, 'तू ऐकलं नसतंस, आई. "दगड तो दगड" म्हणाली असतीस.'

मग एकेक आठवायला लागलं. घरातल्या प्रत्येक बारशाला गोप्या तूच घ्यायचीस. दुसऱ्या बाईच्या हाती देताना तुझी नजर त्यावरून हलायची नाही, आणि पाळण्याच्या खालून-वरून फिरवून झाला की आधी तू परत मागून घ्यायचीस. एक तळहात त्याच्या टोकाखाली धरायचीस, तान्ह्याची मान धरतात तसा. आम्ही हसायचो. माझ्या मंजूच्या बारशाला तर मीच म्हटलं होतं, 'आई, दगडाला कसली मान?' तू हसली होतीस. आमच्याबरोबर हसली होतीस गं.

आज सकाळी मंजूच्या वेळची, तुझ्या हातची कुंची पिशवीत घातली आणि गेले. रशीदभाईंनी तिकीट फाडलंच, नियम तो नियम. मग काही न विचारता स्वयंपाकघरातली दोरी सोडली. 'हात लावू नये' ही पाटी उलटी केली. उभ्या बाईला स्वतःच कोपऱ्यात सरकवलं.

मी पाट्याजवळ मांडी घालून बसले. देवाधर्माचं मला फारसं काही नाही, तुला ठाऊक आहे. काम उरकायचं आणि निघायचं, असंच ठरवून गेले होते. वरवंटा पुसला, कुंची घातली, बंद बांधले आणि मांडीवर घेतला. थंड होता, आणि वाटला त्याहून जड. बाळाला घेतल्यावर वाटतं तसंच काहीसं वाटलं, उगीच कशाला लपवू.

रशीदभाई दारात उभे होते. जरा वेळाने हळूच म्हणाले, "मान धरलीय व्हय तेची?"

मी खाली पाहिलं. माझा डावा तळहात वरवंट्याच्या टोकाखाली होता. मी ठेवला नव्हता, आई. तो आपणहून गेला होता.

मग मी रडले. रशीदभाई पायऱ्यांवर जाऊन बसले आणि वर येणाऱ्या दोन माणसांना म्हणाले, "आधी दिवानखाना बघा. सैपाकघर मागनं."

वरवंटा परत पाट्यावर ठेवला. मंडळाकडे अर्ज करून तो कायमचा परत मागावा असं मनात आलं होतं, ते सोडून दिलं. दादाच्या फ्लॅटमध्ये तो बाल्कनीत पडला असता, माझ्याकडे कॉटखाली. तिथे निदान रोज कुणीतरी पाहतं. शिवाय रशीदभाई म्हणालेत की बाहुलीच्या पायाशी पाळण्यात त्याला अधूनमधून ठेवीन, नंबराला काय कळतंय.

कुंची आता समोर घडी घालून ठेवलीय. उद्या ती मालूताईंच्या वरवंट्याला घालू आणि नंतर तुझ्या पणतीला. गोप्या उद्या मी घेईन. मान धरीन, कोण हसेल त्याला हसू दे. आणि 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणताना पहिली हाक त्याला मारीन. त्याचं बारसं राहिलंय ना? ते उद्या उरकून घेऊ, मग पोरीचं.

तुझी, आणि त्याची धाकटी बहीण,
नलू