आबांचे तळपाय

४ एप्रिल
पुनावळे. स्मिताताईंच्या बंगल्यामागच्या अंगणात प्लास्टिकचं टर्फ घालायचंय, लेक स्वरा फुटबॉल खेळते म्हणून. खडीचा टेम्पो दारात, आणि स्मिताताईंचे सासरे आबा हरळीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले. उठेनात. "रोज सकाळी अनवाणी चालतो मी हिच्यावर. डोळ्यास्नी गार वाटतं. ही उपटली तर मी कुटं चालू?" स्मिताताई फोनमध्ये बघतायत. संजय माझ्याकडे बघतोय, धंदा नवरा-बायकोचा पण बोलायचं मीच.

शेवटी मीच म्हटलं, "आबा, आमचीही हिरवळच की. हिच्यावर चाला अनवाणी, डोळ्यांना तेवढंच बरं."

उठले. खुर्ची स्वतः उचलून बाजूला नेली.

सं. म्हणाला, तू मार्केटिंगला जायला हवं होतंस. चाकणला कंपनीत नऊ वर्षं क्वालिटीत काढली, एकदाही खोटा शेरा मारला नाही. आज प्लास्टिकच्या गवतावर मारला. चेष्टेत धरायचं.

९ एप्रिल
हरळीची मुळं हातभर खोल, काढता काढता जीव गेला. खडी दाबून झाली. आज रोल पसरले, जोड चिकटवले. उकाडा असा की घाम गोंदात पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधून काम. प्रत्येक जोड तीनदा ओढून पाहिला. सं. वैतागला, "ही कंपनीची लाइन नाही, वैशाली." नसू दे. जोड उचकटला तर पोरगी तोंडावर आपटेल.
शेरा – जोड ठीक. पाणी ओतून पाहिलं, निचरा ठीक.

१४ एप्रिल
जयंती. काम बंद. सकाळी विहारात, मग पिंपरीला. पाय दुखेपर्यंत फिरलो, सासूबाई दोनदा सरबत प्यायल्या.
स्मिताताईंनी फोटो पाठवला. स्वरा बॉल घेऊन उभी, मागे आबा अनवाणी, हसतायत. सं. ने लगेच स्टेटसला ठेवला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२ मे
तीन आठवड्यांनी पाहणी करायची म्हणून एकटीच गेले. दुपारचे दोन. स्मिताताई आणि त्यांचे मिस्टर हिंजवडीला ऑफिसात, स्वरा क्लासला. स्वयंपाकाच्या मावशींनी दार उघडलं. मागे गेले तर आबा टर्फवर चालतायत. भर उन्हात, अनवाणी.

"आत्ता कशाला, आबा?"

"सकाळी पोरीची प्रॅक्टिस, संध्याकाळी तिच्या मैतरणी. दुपारचं मोकळं असतंय."

"पाय पोळत नाहीत?"

"न्हाई गं पोरी. तुजंच खरं झालं. गार लागतंय."

मी हात टेकवला आणि झटकन काढला. टेम्परेचर गन लावली. ६१. मला वाटलं बॅटरी गेली. परत लावली, तरी ६१.

मावशी म्हणाल्या, आबांना शुगर आहे, वीस वर्षांची. माझ्या आईला होती. तिच्या पायात काच घुसली तेव्हा फरशीवरचं रक्त बघून तिला कळलं होतं. पाय बधिर होतात. मला हे माहीत होतं. ४ एप्रिलला तोंड उघडण्याआधी एकदा विचारायचं तरी.

त्यांना सावलीत बसवलं, चप्पल घातली. तळपाय बघू म्हटलं तर पाय आखडून घेतले. "सुनंला सांगू नगंस. शेत गेलं, स्कूटर गेली, तंबाखू गेली. आता ह्येवढंच ऱ्हायलंय. घरात कोंडतील मला."
मी बरं म्हटलं. का म्हटलं?

३ मे
सं. ला सांगितलं. "आपलं काम चोख आहे. चप्पल घालायची का नाही हे त्यांच्या घरचे बघतील." मग थोड्या वेळाने, "आणि तू काय बोलली होतीस, ते निघालं तर?"
तीच भीती आहे. आबांची काळजी वाटते हे खरं, पण स्वतःचीही वाटते. स्मिताताईंचा नंबर तीनदा काढला, तीनदा ठेवला. आबांना फोन केला. "घालतो गं चप्पल." बोलण्यात हसू होतं. घालत नसणार.

५ मे
वाकडला एका टेरेसची मापं. दोनदा चुकले. सं. ने टेप हातातून काढून घेतली.

६ मे
राहवेना. टर्फला ब्रश मारायचं निमित्त काढून पुनावळ्याला गेले. आभाळ भरलेलं, वारा नाही, ब्लाउज अंगाला चिकटलेला. ढग असूनही टर्फ ५०.
आबा व्हरांड्यात खुर्चीत. पायात मोजे! मे महिन्यात.

"मोजे कशाला?"

"माशा बसत्यात."

माशा कशावर बसतात?

खाली बसले, मोजा ओढला. या वेळी अडवलं नाही. उजव्या अंगठ्याखाली फोड फुटलेला, लिंबाएवढा. कडा काळपट. वास येत होता. आबा वरून विचारतात, "काय हाय तिथं? दिसत न्हाई मला." खरोखर माहीत नव्हतं त्यांना.

तिथूनच स्मिताताईंना फोन. आबांच्या पायाला मोठी जखम आहे, लगेच निघा. कशाने झाली ते मात्र बोलले नाही. तासाभराने त्या आल्या, गाडीत घालून घेऊन गेल्या.

७ मे
ॲडमिट केलंय. स्मिताताईंचा फोन. "तुम्ही बघितलंत म्हणून कळलं हो. आमच्या घरात कुणाचं लक्षच नव्हतं." रडत होत्या. "आबा म्हणतात, गच्चीवरच्या पत्र्यावर पाय पडला."
म्हाताऱ्याने मला वाचवलं. आणि मी काय म्हणाले? काळजी घ्या. एवढंच म्हणाले!
जेवण गेलं नाही.

८ मे
स्मिताताईंच्या शेजारणीचा फोन, त्यांनाही टर्फ हवंय. नंबर स्मिताताईंनीच दिला, हॉस्पिटलमधून. मी पहिलं विचारलं, घरात कुणाला शुगर आहे का? सं. बघतच राहिला. मग चहा करून आणला.

१० मे
गेले हॉस्पिटलला. स्मिताताई मोसंबी सोलत होत्या. आबांचा पाय उशीवर, पट्टीत. उद्या पट्टी उघडून डॉक्टर ठरवणार, अंगठा ठेवायचा की नाही.
आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बोलू नको म्हणून.

बोलले. पत्रा नाही, टर्फ. अनवाणी चाला असं मीच सांगितलं होतं, काम सुरू व्हावं म्हणून. दोन तारखेला भर दुपारी चालताना पाहिलं, आणि गप्प बसले.

"म्हणजे चार दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मोसंबी तशीच टेबलावर ठेवून त्या बाहेर गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबा चिडले. "कशापायी बोललीस? तू म्हनलीस म्हनून न्हाई चाललो मी. पायाला गार लागत व्हतं."

"आबा, ते गार नव्हतं, तुमच्या पायाला..." रडू आलं.

ते पायाकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "पोरी, हात लावून बघ बरं. अंगठा हाय न्हवं अजून? मला कळंना."

पट्टीवर हात ठेवला. "आहे, आबा."

"नक्की?"

"नक्की."

उद्या अकराला पट्टी उघडणार. स्मिताताईंनी या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. सं. ला सांगितलंय, उद्याचं काम पुढे ढकल.