माळावरचे बोडके ऐन

९ जानेवारी
म्हशाच्या जत्रेला जाऊन आलो. बैल नुसते बघायला. घ्यायचे नव्हतेच.
घोंगड्यांच्या रांगेच्या टोकाला एका सोलर कंपनीचा मंडप. पंपातून पिंपात पाणी पडतंय, त्याच पिंपातून परत पंपात. बघ्यांची ही गर्दी. पॅनल मात्र पूर्वेकडं तोंड करून उभं. मी म्हटलं, दक्षिणेला वळवा, दुपारनंतर निम्मी वीज फुकट चाललीय. तिथला म्हणाला, "काका, नावाचा बोर्ड रस्त्यावरनं दिसला पायजे ना."
बाळू तिथंच होता. आमच्याच गावचा. जमिनीचा कुठलाही व्यवहार असो, हा मध्ये असतो. कंपनीच्या साहेबांशी ओळख करून दिली: "हे आमचे इंजिनियर. शिक्षण दहावी नापास, पण विहारावरची सोलर लाइट यांनीच बसवली." नापास सांगायची गरज नव्हती. तरी बरं वाटलं.
नंतर बाजूला घेऊन म्हणाला, कंपनीला गावचा सगळा माळ हवा आहे. भाडेपट्टा, तीस वर्षं. आमचाही तुकडा त्यात. तिघा भावंडांच्या सह्या लागतील.
म्हटलं, आप्पाला विचारतो.

१२ जानेवारी
आप्पाचा फोन. (थोरला. रिटायर झाल्यापासून कल्याणलाच.) बाळूनं त्याला आधीच गाठलेलं.
"माळावर पिकतंय काय? गवत. गुरं किती राहिली? दोन. आणि सूर्याची वीज चांगली म्हणून जगाला शिकवतो कोण? तूच ना?"
खरं आहे. कोळसा जाळायचं बंद झालं पाहिजे, हे मी पंधरा वर्षं सांगतोय. लोक हसायचे तेव्हापासून. विहारावरचं पॅनल किती अंशात कलतं ठेवायचं, ते लायब्ररीतल्या पुस्तकातून काढलं मी, कुणाला विचारलं नाही.
मग हो म्हणायला जीभ का

२ फेब्रुवारी
कवळं, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडायला सुरुवात केली. मी ऐनाच्या झाडावर, सौ. खाली भारे बांधते. मागच्या साली राबाला, म्हणजे रोपांचे वाफे भाजायला, कवळं कमी पडली, भाताची रोपं पिवळी राहिली. म्हणून यंदा एकही फांदी ठेवणार नाही. घाव आधी खालून, मग वरून, म्हणजे साल सोलत नाही. लोक धसमुसळेपणानं तोडतात, झाडाला जखम होते.
सौ.: "एवढं बोडकं नका करू. कावळ्याला बसाया तरी ठेवा कायतरी."

११ फेब्रु.
एकेचाळीस ऐन झाले. खालून बघितलं तर नुसते खांब. काम एक नंबर.

१८ मार्च
सर्व्हे झाला. कंपनीची एक मुलगी आली होती, इंजिनियर. बोलायला नम्र. यंत्र उडवून वरून फोटो काढले. हद्दीचा पूर्वेचा दगड तिच्या नकाशात चुकलेला, मी निवडुंगाखालचा खरा दगड काढून दाखवला. "काका, तुमी होतात म्हणून." असं दोनदा म्हणाली.
तिनं विचारलं, या झाडांची सावली पॅनलवर येईल का?
मी म्हटलं, "सावली कसली? भर दुपारी बघा, खोडापुरती पडते." उभं राहून दाखवली.
तिनं लिहून घेतलं. जाताना मला टोपी दिली, कंपनीची.

१४ एप्रिल
जयंती. संध्याकाळी मिरवणूक निघायच्या वेळेला गावची लाइट गेली. विहार तेवढा निळा उजळलेला. त्याच उजेडात पोरींनी लेझीम केलं.  आज बाबासाहेब असायला हवे होते.
पण मग बाळूनं माइक घेतला. "जयभीम! बघताय ना? ही सूर्याची लाइट. उद्या अख्ख्या माळावर हेच व्हनार. भाऊंनी आधी करून दाखवलंय." टाळ्या.
माझा उपयोग केला का त्यानं? पण खोटं काय बोलला?
टाळ्या थांबल्यावर बायाबाई, आमच्या आळीतली म्हातारी, बसल्या जागेवरनं: "लाइट बरी हाय रं बाला. पन माल गेल्यावर माझी शेली काय लाइट खाईल?"
सगळे हसले. मीही. 

२२ एप्रिल
सुमीकडं गेलो, शहापूरला उतरून पुढं तानशाच्या बाजूला. बहीण धाकटी, पण तिसरी सही तिची.
दारातून तलाव चमकताना दिसतो. ती हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभी. मुंबईची पायपं वाडीच्या कडेनं जातात, ह्या एवढ्या घेराची, माणूस वाकून आत चालेल. बाया संध्याकाळी त्यांच्यावर टेकून गप्पा मारतात.
सुमी म्हणाली, "पानी आत, आमी भाहेर. गार लागतं पाठीला, एवढंच."
मी म्हटलं, म्हणजे नको म्हणतेस?
"मी कुटं नको म्हनते? मुंबईची पन मानसंच ना. त्यांनी काय तहानेलं ऱ्हायाचं? पन दिल्यावर आपलं काय ऱ्हातं त्ये आधी बघायचं व्हतं कुनीतरी. आमच्यात नाय बघलं कुनी." मग म्हणाली, "दादा, तू वाचलेला मानूस. तू सही केलीस तं मी करते. तू नाय तं मी पन नाय."
येताना एसटीत वाटलं, हिनं सरळ विरोध केला असता तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल
शाळेत कृषीच्या मॅडमची बैठक. राब भाजू नका. धुरानं हवा तापते, मातीतले जीव मरतात. रोपं ट्रेमध्ये करा.
मागून कोणीतरी: "म्याडम, आमचा धूर चार दिवस. तुमच्या गाड्यांचा बारा महिने."
मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, दोन्ही कमी करायला हवेत. बरोबर आहे. हवा बदलते हे मला कोणी शिकवायला नको. आंब्याचा मोहोर बघतोच आहे, काजू बघतोय, थंडी बघतोय.
मग असं: राब बंद, म्हणजे कवळं नको. कवळं नको, म्हणजे ऐन नको. ऐन नको, म्हणजे माळ मोकळा. माळावर पॅनल, म्हणजे कोळसा कमी.
गणित जुळतं. कुठंच चूक सापडत नाही. दोनदा तपासलं. झोपलो नाही नीट.

१ मे
ग्रा. सभा. कंपनीचे साहेब आले होते, बाळू बाजूला. साहेबांनी चांगलं समजावलं, खोटी आश्वासनं दिली नाहीत. शेवटी म्हणाले, "तुमच्या माळावर एकही झाड तोडावं लागणार नाही. सर्व्हेत जिवंत झाड नाहीच. फक्त वाळलेली खोडं आहेत." भिंतीवर फोटो दाखवला. माझा तुकडा मधोमध. एकेचाळीस काळे ठिपके.
 प्रत्येकाच्या माळावर ऐन आहेत, प्रत्येकानं कवळं तोडलेली. खोडं जिती आहेत हे शेंबड्या पोराला माहीत. पण सगळे माझ्याकडं बघत होते. मी सांगेन, मला तांत्रिक कळतं, सर्व्हेला मी होतो.
मी उठलो. विचारलं, "पॅनल दक्षिणेला तोंड करूनच बसवणार ना?"
हेच का विचारलं, देव जाणे. देव मी मानत नाही.
साहेब म्हणाले, अर्थातच. खाली बसलो.
वाटेत सौ. पुढं निघाली, वळून थांबली. मग,
"बोलला नाय तुमी."
"काय बोलायचं होतं?"
"झाडं जिती हायत म्हनून."
"दरवर्षी तोडतो मी. यंदा नवीन काय केलं?"
"दरवर्षी कोन फोटो काढाया येत नाय."

२ मे
आप्पा फोनवर खूश. "तुझ्यामुळं सोपं झालं. झाडं असती तर मोजणी, परवानगी, वर्ष गेलं असतं." त्याला म्हटलं, आप्पा, तुलाही माहीत आहे. तो म्हणाला, "मला काय माहीत? मी कल्याणला असतो."
मग जरा वेळानं, आवाज बदलून: "अरे, आजानं आपल्याला जमीन ठेवली ती अशी नुसती बघत बसायला का?"
आजा म्हणायचा, आपल्यात जमीन नवी आहे रे, सांभाळायला शिका. सांभाळायचं म्हणजे काय, ते नाही सांगितलं.

९ मे
राब भाजला. अर्धाच. अर्ध्या वाफ्यावर मॅडमनी सांगितलं तसं कुजलेलं शेणखत. बघू कुठं रोपं चांगली येतात. सौ. म्हणते, पोटाचं भात हाय, त्यात परयोग? धूर सरळ वर न जाता माळाच्या अंगानं गेला. ऐनांमध्ये अडकून राहिला थोडा वेळ.
माझा विरोध नक्की कशाला आहे? पॅनलला नाही. कंपनीलाही नाही, भली माणसं वाटली. झाडं तोडायलासुद्धा नाही, मीच तोडतो. मग

१५ मे
ऐनांना पालवी. परवापर्यंत काही नव्हतं. आज डोळ्यांतून तांबूस कोंब, बोटभर. सगळ्या एकेचाळीसांना नाही, पण लांबूनही कळतंय. सौ.ला दाखवायला गेलो तर म्हणाली, मला चार दिस आधीच दिसलेत.

१७ मे
बाळू घरी. चहा घेतला नाही, म्हणजे काम. सर्व्हेची मुलगी परवा परत येणार, खांबांच्या जागा पक्क्या करायला. फोटोही परत.
"भाऊ, जरा वरवर छाटून घ्या. नायतरी छाटताच की."
"फेब्रुवारीत. पालवीवर कोयता लावत नाहीत."
"का?"
"पालवीवर घाव बसला तर झाड वाळतं. खरंच वाळतं."
बाळू हसला. "मग तं सर्व्हे खराच झाला ना? खोटं कुनीच नाय बोललं." जाताना उंबऱ्यात थांबून, "आनि नाय छाटलं तं गावाला काय सांगाल? सूर्य नको झाला भाऊंना?"
 तो गेल्यावर फाटक लावून घेतलं. 

१८ मे
सकाळी सुमीचा फोन. "काय ठरलं, दादा?" म्हटलं, उद्या कळेल. "कुनाला?" म्हणाली.
दिवसभर काही केलं नाही. विहारावर चढून पॅनल पुसलं, धूळ फार बसली होती. तिथून माळ दिसतो. ऐन लाल दिसतायत उन्हात.
संध्याकाळी कोयता काढला, दगडावर धार लावली. सौ. चुलीपाशी होती. उठून दारात आली.
"कशाला?"
म्हटलं, "धार गेली होती."
तिनं माळाकडं बघितलं. मी पाणी शिंपडलं आणि परत घासायला लागलो.