पहिल्या पानावरचा अंगठा

हजिरा, ६ डिसेंबर १९९३

चि. आभास, अ. उ. आ.

तुझे पत्र शनिवारी पोचले. भूमितीचे दोन्ही पाठ नीट आहेत. दुसऱ्या आकृतीत एक कोन लिहायचा राहिला होता, तो मी पेन्सिलीने लिहिला. बाबा गेले आणि नववीत माझी शाळा सुटली. आता तू स्वतःच्या अभ्यासातून वेळ काढून मला पाठ पाठवतेस, तेव्हा मार्चमध्ये बाहेरून दहावीला बसेनच, असे मी रोज स्वतःला बजावतो.

ऐच्छिक विषयात शिवण सोडून वीजकाम घेतलेस, हे आईने कळवले. रबरी चप्पल घालत जा. मेन स्विच बंद केल्याची दोनदा खात्री कर. घडियाळी पोळीत, मामांच्या गल्लीत जाऊन, त्यांची इस्त्री दुरुस्त करून आलीस म्हणे. त्यांचा सदरा जळला तर आधी मला कळव.

आता मुख्य गोष्ट. शाळेच्या समाजसेवेत प्रत्येकीने एका निरक्षर माणसाला शिकवायचे, त्याची वही भरायची. तू शिकवत होतीस त्या रेवामासी मध्येच गावी निघून गेल्या. वही पुरी नाही, तर तुमच्या शिक्षिका चारुलताबेन खो-खोच्या निवडीला तुझे नाव पाठवणार नाहीत. इथवर समजले. पण शिकणारा म्हणून तू माझे नाव लिहिलेस, आणि पहिल्या पानावर चिकटवायला माझा अंगठा मागतेस. शेवटच्या पानावर सही केली, की मी साक्षर झालो.

तू म्हणतेस, मला शिकवतेसच की. खरे आहे. पण आभा, मी अंगठेबहाद्दर नाही. इथे हजेरीपटावर आमच्या टोळीतली सत्तर माणसे अंगठा लावतात. मुकादम हिंमतराव शाईचे पॅड पुढे ढकलतात आणि मी रोज पेन मागतो. मास्तर आले, मास्तर आले, म्हणून रांग हसते. हसू दे. इथे माझ्याजवळ तेवढेच आहे. शिवाय ती वही फिरत फिरत परीक्षेच्या ऑफिसात गेली तर? खोटे लिहून द्यायला माझा हात धजत नाही. दुसरे काहीही माग.

रागावू नकोस. आहे ती माया तशीच ठेव.

तुझा दादा,
विश्राम

•

वाडी, बडोदे, ११ डिसेंबर १९९३

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझे बरोबर आहे. मी विचारायलाच नको होते. बेननी अठरापर्यंत मुदत दिली होती, पण मी आजच सांगून टाकले, की माझ्या जागी यशश्रीला घ्या. खांबाशी ती गडबडते, पण पळते बरी. टीम वीस तारखेला सकाळी नडियादला जाणार. आई म्हणाली, झाले ते बरेच झाले, मुलीच्या जातीने गुडघे फोडायचे तरी किती.

मैदानावर जात नाही, त्यामुळे दुपार मोकळी असते. म्हणून या वेळी विज्ञानाचे तीन पाठ पाठवते आहे. तिसऱ्यात अक्षर वाकडे आले आहे, सांभाळून घे. मामांचा सदरा जळला नाही. तुझे नशीबच खोटे.

जिवाला जप आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी आभा

•

हजिरा, १६ डिसेंबर १९९३

चि. आभास, अ. उ. आ.

तिसरा पाठ मी चार वेळा वाचला. तुझे अक्षर वाकडे कधी येत नाही. दोन ओळींवर थेंब पडून शाई फुटली आहे. तेवढे मला कळते.

सोबत अंगठा आहे. आधी खोलीवर पेनच्या शाईने करून पाहिला, तो पसरला. मग हिंमतरावांकडे जाऊन सगळ्यांदेखत पॅड मागितले. मास्तर लिहायला विसरले की काय, असे त्यांनी विचारले. कागद वाळेपर्यंत हातात धरून उभा राहिलो. चारी कोपऱ्यांना डिंक लाव, मध्ये नको, शाई पसरते. पत्र मिळताच तशीच बेनकडे जा. अठरा तारखेच्या आत मिळेल, मी हिशेब केला आहे.

खांबाशी डोके सांभाळ. मला विसरू नकोस.

तुझा दादा,
विश्राम

•

वाडी, बडोदे, २३ डिसेंबर १९९३

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र सोमवारी दुपारी मिळाले. शनिवारी टपाल उशिरा आले असेल, आणि मध्ये रविवार होता. टीम सकाळच्याच गाडीने गेली होती. तरी मी धावत बेनकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, मला पाणी दिले. दहावीच्या मुलींना बोर्डामुळे खेळायला पाठवत नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षीचे काही नाही, असे म्हणाल्या.

अंगठा मी वहीत लावला नाही. भूमितीच्या पुस्तकात ठेवला आहे. तू दहावीचा फॉर्म भरलास ना?

तुझ्या लोभातली,
आभा

•

हजिरा, ३ जानेवारी १९९४

चि. आभास, अ. उ. आ.

यापुढे दुपारी पाठ लिहीत बसू नकोस. मैदानावर जा. टीम नसली तरी पळ.

फॉर्म ट्रंकेत आहे. सहीची जागा अजून कोरी आहे. मुदत पंधरापर्यंत आहे, पाहू.

पॅड मागितले त्या दिवसापासून हिंमतराव मला काही विचारत नाहीत, पॅड सरळ पुढे करतात. पहिल्या दिवशी पेन मागणार होतो, पण मागे रांग मोठी होती. आज पंधरावा दिवस. आता कोणी हसत नाही.

आईला नमस्कार. तुझी आठवण येते.

दादा